फळीवरचं वर्ष

माझे पाय गेले ते भर सकाळी, शेवंतीच्या वाफ्यात.

लग्न होऊन शिरूरला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घोड नदीच्या अंगाला सासरची थोडी जमीन होती. त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेनं थोडी भाजी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. विहिरीला पुन्हा पाणी आलं होतं आणि घरातली सगळी माणसं झपाटल्यासारखी राबत होती. माझी पाठ कित्येक महिन्यांपासून दुखत होती, पण नव्या सुनेनं पाठ दुखते म्हणून सांगावं कुणाला? सगळ्यांचीच दुखत होती.

त्या दिवशी फुलं तोडून झाली. पाटी डोक्यावर घ्यायला मी खाली बसले आणि उठायला गेले, तर पाय उठलेच नाहीत. मी पडले नाही, किंचाळलेही नाही. नुसती बसून राहिले. बांधावरून नवरा म्हणाला, "ऊठ की. गाडी निघून जाईल." त्याला फुलं घेऊन पुण्याची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, "उठता येईना." तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडं बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

सासूबाई पळत आल्या. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. त्यांनी माझ्या तळपायाला जोरात चिमटा घेतला आणि विचारलं, "कळतंय का?"

"काय?" मी म्हटलं.

आत्याबाईंनी हात काढून घेतला. चिमटा घेतलेला मला कळलाच नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आपलं शरीर आपल्याला न सांगता अर्ध्यावरून निघून गेलंय, हे असं दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायचं! मी इतकी सुन्न झाले की रडायचंही सुचलं नाही. कलंडलेल्या पाटीतली फुलं मी परत पाटीत भरायला लागले.

शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले आणि डॉक्टर म्हणाले, मणक्याचा क्षय आहे. आमच्या माहितीतला क्षय छातीचा. खोकणारा, रक्त थुंकणारा. मला तर साधा खोकलाही नव्हता. नवरा ते ऐकून एक पाऊल मागं सरकला. ते पाऊल मी पाहिलं.

डॉक्टर चांगले होते. नीट समजावून सांगत होते. छातीपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर घालायचं, लाकडी फळीवर उताणं निजवायचं आणि अजिबात हलायचं नाही. इंजेक्शनं आणि गोळ्या चालू राहतील.

"किती दिवस?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"वर्ष धरून चाला. जास्तही लागेल."

"आन् मग चालंल?"

"बहुतेक चालेल. सांगता येत नाही."

"आम्ही काय करायचं?"

"काही करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "हिनंही नाही आणि तुम्हीही नाही. हाड आतून भरून येतं, ते आपल्याला दिसत नाही. त्याला हलवायचं नाही, एवढंच."

वडील दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. इंजिन बिघडलं की खोलायचं, भाग बदलायचा आणि रुळावर सोडायचं, हे त्यांचं काम. काही करायचं नाही हे औषध त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आजारी सुनेनं माहेरी जायचं हे ठरलेलंच होतं. वडिलांच्या ओळखीनं मला गार्डाच्या डब्यातून दौंडला आणलं. पुणे स्टेशनवर नवऱ्यानं माझं गाठोडं आत ठेवलं आणि म्हणाला, "बरी झालीस की न्यायला येतो." मी मान हलवली. तेवढीच हलत होती.

दौंडचं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ विटांवर फळी टाकली आणि मला तिच्यावर निजवलं. खिडकीतून लिंबाचा शेंडा दिसायचा आणि मधूनमधून इंजिनाचा धूर. वर कौलं. दिवसभर यार्डात डबे एकमेकांवर आदळायचे. त्या हादऱ्यानं खिडकीची काच थरथरायची आणि मी मात्र दगडासारखी पडलेली.

आई स्वस्थ बसणारी बाई नव्हती. डॉक्टरनं काही करायचं नाही म्हणून सांगितलं म्हटल्यावर तिनं देवाला कामाला लावलं. या देवाला नवस, त्या देवीची ओटी. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार उपास. माझ्या दंडात दोरे, उशाखाली लिंबू, कपाळाला अंगारा. कुणी एक भगत सांगितला, तर त्याला घेऊन आली. त्यानं माझ्या प्लास्टरवर मोरपिसं फिरवली. ती आत मला लागलीही नाहीत. आईचं अंग महिन्याभरात निम्मं झालं. संध्याकाळी वडील शेडमधून आले की हातपाय धुवून दारातूनच विचारायचे, "आज?" मी मान हलवून नाही म्हणायचे. ते आत जायचे.

मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी पायाचा अंगठा हलवून बघायचे. म्हणजे मनात हलवायचे. मग आईला विचारायचे, "हलला का?" ती म्हणायची, "हलल्यासारखा वाटला बघ." तिच्या आवाजावरून मला कळायचं. मग तिथून पुढं सबंध दिवस वाया. लहानपणापासून देव आहे, तो बघतो, ऐकतो, असं ऐकत आले होते. आता फळीवर पडून मी त्याला रोज एकच गोष्ट विचारत होते आणि वर नुसती कौलं होती. एकदा आई अंगारा लावायला आली तेव्हा मी तिचा हात ढकलला. "पुरे कर आई," मी ओरडले. "तो झोपलाय नाहीतर मेलाय." आईनं कानांवर हात ठेवले. मीही घाबरले. आता काहीतरी होणार म्हणून वाट बघत राहिले. काहीच झालं नाही. तेही मला बरं वाटलं नाही.

संक्रांतीला नवरा आला. दारात उभा राहून तिळगूळ आईच्या हातात दिला, आत यायला नको म्हणाला, गाडीची घाई आहे म्हणाला. माझ्याकडं बघून, "बरं हाय ना?" असं विचारलं आणि गेला. त्यानंतर सासरहून कुणी आलं नाही, निरोपही नाही. आई म्हणायची, फुलांचा हंगाम असेल. हंगाम सरला, तरी ती तेच म्हणायची.

आणि मग एके दिवशी दुपारी आत्याबाई आल्या.

शिरूरहून दौंडला यायचं म्हणजे तेव्हा अर्धा दिवस जायचा. न्हावऱ्यावरून यायचं, वाटेत गाडी बदलायची. त्या धुळीनं माखलेल्या होत्या. काखेत हे एवढं बोचकं. त्यांना दारात पाहिलं आणि माझ्या जिवात जीव आला. न्यायला नाही तर नाही, बघायला तरी कुणी आलं. आईनं लगबगीनं पाणी आणलं. आत्याबाईंनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत. तो तसाच बाजूला ठेवून त्या माझ्या फळीशेजारी जमिनीवर बसल्या.

"पोरी, ऐक," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानं दुसरं लगीन केलं."

"कुणाचं लगीन?" आईनं विचारलं. अगदी सहज, शेजारपाजारच्या कुणाची बातमी असावी तसं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"माझ्या पोराचं. परवा झालं. भावकीनं मिळून केलं. मला इचारलं न्हाई. मांडवात मी गेले न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यो तुला सांगाया येणार न्हाई. म्हून मी आले. परक्या माणसाच्या तोंडून तुला कळाया नगं."

माणसाला असं काही कळलं की तो उठून बाहेर जातो. भिंतीवर डोकं आपटतो. निदान पालथा पडून तोंड लपवतो. मला यातलं काहीच करता येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी दोघी माझ्याकडं बघत होत्या आणि मी उताणी, उघड्या तोंडानं. मी डोळे मिटले, तर पाणी कानात गेलं.

आईला मग कळलं. ती उठली. आमची आई दारात आलेल्या भिकाऱ्यालाही कधी वाईट बोलली नव्हती. ती म्हणाली, "निघा. आत्ताच्या आत्ता माझ्या घरातनं निघा."

"न्हाई जात," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"मी ऱ्हायला आले, इहीणबाई." त्यांनी बोचक्यावर हात ठेवला. "तुमी वाळून काटकी झालाय. हिचं सगळं जाग्यावर. एकल्या किती करणार? म्या घरनं येतानाच ठरवून आले. मला खायला नका देऊ, वसरीला पडून ऱ्हाईन. पर ही उठूस्तवर मी हितनं जात न्हाई."

मी डोळे उघडले. असं काही कुणी करतं हे मी ऐकलं नव्हतं, पाहिलं नव्हतं. सासू सुनेला सोडायला येते, न्यायला येते, भांडायला येते. टाकलेल्या सुनेचं करायला सासू तिच्या माहेरी राहायला येते?

वडील आले तोवर दोघी तशाच बसलेल्या. पाण्याचा तांब्या तसाच. सगळं ऐकून वडिलांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "पोलिसात देतो त्याला," ते म्हणाले. "पहिली जित्ती असताना दुसरी केली. कायदा हाय."

"द्या पाव्हणं," आत्याबाई म्हणाल्या. "माझंच प्वार हाय, तरी सांगते, खुशाल द्या. पर त्यानं ही उठायची न्हाई."

वडील उंबऱ्यावर बसले. तेलानं काळे झालेले हात गुडघ्यांवर टेकले. मग आईला म्हणाले, "ताट वाढ त्यांना."

अशा आत्याबाई आमच्याकडं राहिल्या.

आई त्यांच्याशी बोलायची नाही. पण मला कुशीवर करून पाठ पुसायची, चादर बदलायची तर दोन माणसं लागायची. एकीनं खांदे धरायचे, एकीनं कंबर, प्लास्टरसकट मला ओंडक्यासारखं एका दमात वळवायचं. त्यामुळं "धरा", "उचला", "हळू" एवढं बोलणं दिवसातून अनेकदा व्हायचंच. प्लास्टरच्या कडेनं कातडी सोलायची, तिथं आत्याबाई खोबरेल लावायच्या. माझं हगणं-मुतणं त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडं घेतलं. लाजेनं मी मेल्यासारखी व्हायचे. त्या म्हणायच्या, "लेकराचं करताना कुणी नाक धरतं व्हय?"

लोक बघायला यायचे. मला नाही, आत्याबाईंना. शेजारच्या क्वार्टरमधली एक बाई तोंडावर म्हणाली, "आजी, असं काय पाप केलं व्हतं, हे फेडताय?" आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

संध्याकाळी दिवा लावला की त्या आईच्या देव्हाऱ्यासमोर बसायच्या. पोथी नाही, जप नाही. हात मांडीवर, डोळे मिटलेले. थोडा वेळ बसून उठायच्या. मला त्याचा राग यायचा. आई निदान उपाशी तरी राहायची, काहीतरी करायची. या नुसत्या बसायच्या.

एकदा मी विचारलं, "आत्याबाई, काय मागता?"

"बसते नुसती."

"बसून काय होतं?"

"काय की."

"तुमचा देव काही करत का नाही?" माझा आवाज चढला. "इतके महिने झाले. पाय नाहीत. नवरा गेला. तो काय करतोय वर बसून?"

आत्याबाईंनी जरा विचार केला. मला वाटलं, कर्माचं काहीतरी सांगतील.

"करत आसंल कायतरी," त्या म्हणाल्या. "मला काय दिसतंय? दुधाला इरजण लावलं की तू काय करतीस? झाकून ठिवतीस. घडी घडी झाकण काढून बोट घातलंस तर दही लागंल का? त्यो डाक्टर तरी दुसरं काय म्हणला? हलवू नगा म्हणला." मग माझ्या पायावरची चादर सारखी करून म्हणाल्या, "ते सकाळच्याला अंगठा हलवून बघतीस न्हवं, ते बंद कर."

"का?"

"रोज सकाळी मरतीस, पोरी. मी बघते."

मला धक्का बसला तो याचा, की त्यांना कळत होतं. मी तर हल्ली आईलाही विचारायचं सोडलं होतं. मनातल्या मनात करायचे.

बंद करणं सोपं नव्हतं. डोळे उघडले की मन आधी पायाकडंच धावायचं. मी त्याला ओढून लिंबाच्या शेंड्याकडं न्यायचे. तिथं साळुंक्या यायच्या. देवाला म्हणायचे, मी आता बघत नाही, तू बघ. म्हणताना विश्वास होता असं नाही. पण म्हणायचे. हळूहळू सकाळ नुसती सकाळ व्हायला लागली. चहाचा वास यायला लागला. यार्डातल्या शिट्टीवरून कुठली गाडी आली ते ओळखता यायला लागलं. बरी झाले नव्हते, काहीही बदललं नव्हतं, तरी छातीवरची धोंड कुणीतरी जराशी सरकवली होती.

उन्हाळ्यात नवरा आला. त्याच्या आईला, आत्याबाईंना न्यायला. दारात उभा राहिला, तसाच, संक्रांतीसारखा.

"आये, चल. लोक काय काय बोलत्यात."

"बोलू दे," आत्याबाई म्हणाल्या. "लोकांनी बोलावं असं तूच करून ठिवलंस."

"घरी ती एकटीच हाय. नवीन हाय."

"तिला मी कधी वंगाळ बोलले न्हाई आन् बोलायची न्हाई. तीबी कुणाची तरी लेक हाय. तिला नीट ठेव. हिच्यासारखं करू नगंस."

तो खाली बघत होता. माझी आई आतल्या दारात हाताच्या मुठी वळून उभी होती. या क्षणाची मी कितीतरी महिने तयारी केली होती. तो समोर आला की काय काय बोलायचं, कसं जाळायचं, सगळं पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "शेवंती कशी आहे यंदा?"

तो दचकला. मीही दचकले. हे कुठून आलं? पण मला खरंच तेच विचारायचं होतं.

"बरी हाय," तो म्हणाला. मग वळता वळता म्हणाला, "खालचा वाफा मर रोग लागून गेला." आणि निघून गेला. आत्याबाई त्याच्यामागं फाटकापर्यंतही गेल्या नाहीत. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली. "दोन घास खाऊन घ्या," म्हणाली.

पावसाळ्याच्या तोंडाला घरात मुंग्या निघाल्या. एका दुपारी आत्याबाई माझ्याजवळ बसून लसूण सोलत होत्या. आम्ही बोलत होतो ते अगदी फालतू काहीतरी. शिरूरच्या बाजारात भांडी कुठल्या गल्लीत बरी मिळतात, असलं. बोलता बोलता मी म्हटलं, "आत्याबाई, मुंगी आहे बघा."

"कुठं?"

"पायावर. घोट्याच्या वर चढली."

"झटकते," त्या म्हणाल्या आणि हात पुढं करून त्यांनी ती झटकली. परत लसूण घेतला.

मग त्यांचा हात थांबला.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. आत्याबाईंनी चादर बाजूला केली. बोटाच्या टोकानं माझ्या नडगीवर रेघ ओढली. "आता?"

"डावा," मी म्हटलं. "डावा पाय. वरून खाली आलात."

"आता?"

"तळवा." आणि मी ओरडले, "आई!"

आई पीठ मळता मळता तशीच धावत आली. तिला वाटलं, मी गेले. आत्याबाई माझे पाय दोन्ही हातांत धरून हमसाहमशी रडत होत्या. रडता रडता म्हणत होत्या, "मुंगी कळली हिला, मुंगी कळली." आई मटकन खाली बसली. पिठाच्या हातानं तिनं आत्याबाईंना धरलं. संध्याकाळी वडील आले, दारातून "आज?" म्हणाले आणि आम्हा तिघींची तोंडं बघून तिथंच थांबले. मी म्हटलं, "अप्पा, अंगठ्याला हात लावा." ते हात न धुता आत आले. त्यांच्या बोटांचं काळं तेल माझ्या अंगठ्याला लागलं आणि ते गार, ओलं, चिकट लागलं. मला कळलं ते.

त्यानंतरही महिनेच गेले. आधी कळायला लागलं, मग हलायला लागलं. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले, बघून मान डोलावली आणि आणखी थांबा म्हणाले. आम्ही थांबलो. थांबणं आता आम्हाला येत होतं. शेवटी प्लास्टर कापलं. आतून निघालेलं माझं अंग बघून मी हबकले, इतकं ते पांढरं, सुकलेलं, कुणा परकीचं. उभं केलं तेव्हा फरशी इतकी खाली दिसली की मला गरगरलं. एका काखेत आई, दुसऱ्या काखेत आत्याबाई. आई म्हणाली, "सोडू नगा हं, इहीणबाई." त्या म्हणाल्या, "न्हाई सोडत."

मी काठी घेऊन नळापर्यंत जायला लागले तेव्हा आत्याबाईंनी बोचकं बांधलं. आईनं त्यांना लुगडं नेसवलं, ओटी भरली. फाटकाशी वडील त्यांच्या पाया पडले. रेल्वे कॉलनीतल्या सगळ्या लोकांसमोर.

पुढच्या दिवाळीनंतर आमचा काडीमोड झाला. दुसरं लग्न तर होऊन गेलं होतं. पण वडील म्हणाले, चार माणसांत मोकळं झालेलं बरं. शिरूरला भावकीतली माणसं बसली. मला वाटलं होतं, आत्याबाई घरात बसतील. त्या येऊन पुरुषांच्या समोर उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "आधी सगळ्यांदेखत सांग, हिची काय चूक व्हती?" त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "काय चूक न्हवती."

"मोठ्यानं."

"काय चूक न्हवती तिची."

"आता मोडा काडी," आत्याबाई म्हणाल्या.

सगळं आटोपल्यावर वडील चहाला बसले आणि आत्याबाई मला मळ्यात घेऊन गेल्या. काठी आता सुटली होती, पण बांधावरून चालताना त्यांनी माझा दंड धरला. विहिरीच्या कडेला बसलो. शेवंतीवर नव्या कळ्या होत्या. लांब वाफ्यात एक तरुण बाई वाकून खुरपत होती. तिनं एकदा आमच्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याहून लहान होती.

"आत्याबाई," मी विचारलं, "तेव्हा तुम्ही नुसत्या बसायच्या. खरंच काही मागायच्या नाहीत?"

"मागायचे की."

"काय?"

"तू बरी व्हऊन माझ्या घरात परत यावीस." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "त्या पोरीच्या बापानं तिला घिऊन जावं, माझ्या पोराला अक्कल यावी, आन् तू परत यावीस. रोज मागायचे. एक दिस चुकवला न्हाई."

मला वाटत होतं, या बाईला काही नकोच होतं. म्हणून ती इतकी शांत होती. आणि ती रोज, माझ्या डोळ्यांसमोर, जे कधीच होणार नव्हतं ते मागत होती. मिळालं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसत होती.

"आणि ते नाही मिळालं," मी म्हटलं.

"न्हाई मिळालं."

"मग राग नाही आला?"

"आला की. लई आला. इचारलंबी त्याला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पर मी तिथनं उठून जाणार कुठं? आन् मी मागितलं त्यात त्या पोरीचं वाटोळं व्हतं, हे मला मागताना सुचलंबी न्हाई. त्याला सुचलं आसंल." खुरपणाऱ्या सुनेकडं बघून त्यांनी हाक मारली, "अगं, ऊन झालं. पाणी पिऊन जा." ती पोर बिचकत आली. आत्याबाईंनी बादलीतून तांब्या भरून तिच्या हातात दिला. ती पाणी पिताना माझ्या पायांकडं बघत होती.

"दुखत्यात का आता?" तिनं हळूच विचारलं.

"थंडीत जरा," मी म्हटलं.

दौंडला परत येऊन मी बालवाडीत काम धरलं. फार वाकता येत नाही, उड्या मारता येत नाहीत, पण पोरांना गाणी शिकवायला पाय लागत नाहीत. आत्याबाई दर वर्षी फुलांचा हंगाम संपला की आमच्याकडं यायच्या, आठवडाभर राहायच्या. आई आणि त्या मिळून पापड लाटायच्या आणि मिठावरून भांडायच्या.